फुलांची नावे आणि माळ्यांचे हात

वसंतातल्या व्याख्यानमालेत फुलांचा विषय निघावा यात नवल नाही. फुलांच्या सौंदर्याचे वर्णन कवींनी पुष्कळ केले आहे आणि ते काम त्यांच्याकडेच राहिलेले बरे. मला विचारायचा आहे तो प्रश्न अधिक व्यवहारातला आहे. आपल्या अंगणातली ही झाडे इथे आणली कोणी, जगवली कोणी, आणि त्यांना नावे मिळाली ती कोणाची?

आपल्यापैकी कोणाच्याही अंगणात डोकावून पाहावे. मोगरा, जाई, जुई, पारिजातक, सोनचाफा ही मंडळी आपली जुनी शेजारी आहेत. पण ज्या झेंडूवाचून आपला दसरा होत नाही, तो मूळचा मेक्सिकोचा. निशिगंधही तिथलाच. देवळाच्या पारावर वाकडातिकडा वाढणारा पांढरा चाफा, इतका जुना वाटतो की तो पांडवांनी लावला असेल असे म्हणावे. तोही मध्य अमेरिकेतून आलेला. सदाफुली आणि गुलमोहर मादागास्कर बेटावरचे. बोगनवेल ब्राझीलची. कोलंबस अमेरिकेस पोहोचला १४९२ साली, आणि दर्यावर्दी लोकांच्या हातून ही रोपे जगभर फिरू लागली ती त्यानंतर. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळी या भूमीत झेंडूचे तोरण असणे शक्य नव्हते. आज ते तोरण परके आहे असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? जे रुजले ते आपले, हा मातीचा न्याय आहे.

रोप आणणे मात्र सोपे नव्हते. शिडाच्या जहाजावर रोपाला खारे वारे लागत, गोडे पाणी माणसांनाच अपुरे पडे, आणि महिनोन्‌महिने चाललेल्या प्रवासात बहुतेक रोपे मरून जात. यावरचा उपाय सापडला तो लंडनच्या धुराने काळवंडलेल्या पूर्व भागात. तिथे नॅथॅनियल वॉर्ड नावाचे एक डॉक्टर राहत असत. त्यांना नेच्याची झाडे लावण्याचा छंद होता, पण कोळशाच्या धुरामुळे ती जगत नसत. १८२९ साली त्यांनी एका पतंगाचा कोश ओलसर मातीसह काचेच्या बाटलीत झाकून ठेवला. काही दिवसांनी पाहतात तो त्या मातीतून नेच्याचे एक रोप आणि गवताची पाती वर आलेली! मातीतले पाणी दिवसा वाफ होऊन काचेला लागे आणि पुन्हा खाली ठिबके; झाडाला बाहेरचे पाणी लागतच नसे. त्यावरून त्यांनी काचेच्या पेट्या बनविल्या आणि १८३३ साली रोपांनी भरलेल्या दोन पेट्या जहाजाच्या डेकवर ठेवून ऑस्ट्रेलियाला धाडल्या. रोपे सुखरूप पोहोचली, आणि परतीच्या फेरीत त्याच पेट्यांतून तिकडची रोपे लंडनला आली.

या पेटीने श्रीमंतांच्या बागा फुलविल्या, हे खरे. पण तेवढेच सांगून थांबणे हा अर्धा इतिहास होईल. याच पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्यून याने १८४८ नंतरच्या तीन वर्षांत चीनमधून चहाची हजारो रोपे हिमालयाच्या पायथ्याशी आणली. १८७६ साली ब्राझीलमधून रबराचे बी लंडनच्या क्यू उद्यानात नेण्यात आले, आणि तिथे उगवलेली जवळजवळ दोन हजार रोपे अशाच पेट्यांतून सिलोनला पोहोचली. पुढे चहाचे आणि रबराचे मळे उभे राहिले, आणि त्या मळ्यांवर राबायला आपल्याच देशातली गरीब माणसे कराराने बांधून आसामला, सिलोनला आणि मलायाला नेण्यात आली. ज्या पेटीतून फूल येते त्याच पेटीतून मळाही येतो. फुलाचा इतिहास मजुरीच्या इतिहासापासून तोडता येत नाही तो असा.

आता नावांकडे वळू. बोगनवेलीचे नाव फ्रेंच आरमारी अधिकारी बुगेनव्हिल याचे. तो १७६६ साली पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. त्याच्याबरोबर फिलिबेर कॉमेर्सों हा वनस्पतिशास्त्रज्ञ होता, आणि कॉमेर्सोंबरोबर त्याचा एक नोकर. हा नोकर म्हणजे वास्तविक बर्गंडी प्रांतातल्या शेतमजुराच्या घरची एक स्त्री होती. तिचे नाव झान बारे. फ्रेंच आरमाराच्या जहाजावर स्त्रियांना मनाई असल्यामुळे तिने पुरुषाचा वेश घेतला होता. १७६७ साली रिओ दी जानिरो येथे बोगनवेलीचा नमुना गोळा झाला. त्या वेळी कॉमेर्सों पायाच्या दुखण्याने बेजार होता. तेव्हा डोंगर चढून ती वेल तोडून आणणारे हात बारेचेच असावेत, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. डोक्यावर ओझे, खांद्यावर बंदूक आणि नमुने दाबून ठेवण्याचे जड सामान घेऊन ती रानोरान हिंडली. पुढे तिचे गुपित फुटले, तिला आणि कॉमेर्सोंला मॉरिशसला उतरावे लागले. कॉमेर्सों १७७३ साली तिथेच वारला. ती मात्र फ्रान्सला परतली, आणि पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली ज्ञात स्त्री ठरली. १७८५ साली आरमार खात्याने तिला सालीना २०० लिव्ह्र पेन्शन दिले. वेलीला नाव मिळाले कप्तानाचे, सत्तरांहून अधिक वनस्पतींना नाव मिळाले कॉमेर्सोंचे. आणि झान बारेच्या नावाची टिकून राहणारी पहिली वनस्पती नोंदली गेली ती २०१२ साली! तब्बल २४५ वर्षांनी.

बोगनवेलीचा रंगही असाच फसवा आहे. आपण ज्याला तिचे फूल म्हणतो ती गुलाबी किंवा केशरी कागदासारखी दिसणारी पाने आहेत. खरी फुले आत असतात, पांढुरकी, बोटाच्या पेरापेक्षा लहान. रंग मिरवतो एक आणि बी धरतो दुसरा.

दुसरे उदाहरण व्हॅनिलाचे. ही मेक्सिकोची वेल फ्रेंचांनी हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर नेली. वेल वाढे, फुलेही येत, पण शेंग धरत नसे. कारण तिकडचा परागीकरण करणारा कीटक इकडे नव्हता. १८४१ साली एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या एका गुलाम मुलाने बारीक काडीने फुलातला पडदा उचलून अंगठ्याने पराग दाबण्याची युक्ती शोधून काढली. आजही जगभर व्हॅनिलाचे एकेक फूल याच रीतीने हाताने फळविले जाते. १८४८ साली गुलामगिरी उठली तेव्हा त्याला आल्बियस हे आडनाव मिळाले. बेटावरचे मळेवाले श्रीमंत झाले. एडमंड १८८० साली दारिद्र्यात मेला. त्याचा शोध स्वतःच्या नावावर लावण्याचा प्रयत्नही एका वनस्पतिशास्त्रज्ञाने केला होता.

सगळेच मोठे लोक असे वागले असे म्हणणे अन्यायाचे होईल. कोचीनचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ तयार करविला. तो आमस्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात छापला गेला. त्यात इट्टी अच्युतन या वैद्याचा दाखला आहे. तसाच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तिघा कोंकणी ब्राह्मणांचा १६७५ सालचा दाखलाही आहे, आणि तो कोंकणी भाषेत, नागरी लिपीत छापलेला आहे. ज्यांनी ज्ञान दिले त्यांची नावे मालकाने आपल्या ग्रंथात त्यांच्याच अक्षरांत छापली, ही तीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. म्हणजे तसे करता येते. मात्र रानात जाऊन, झाडांवर चढून ज्यांनी फांद्या उतरविल्या, त्यांची नावे त्या बाराही खंडांत नाहीत.

आपल्या घरची गोष्ट पाहू. मुंबईत भायखळ्याला १८६२ साली राणीची बाग खुली झाली. आज तिला वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणतात. देशोदेशीची झाडे तिथे आली, आणि मुंबईकरांनी त्यांतली बरीच प्रथम पाहिली ती तिथेच. पण आजूबाजूच्या गिरण्यांतला कामगार ती केव्हा पाहणार? उजाडल्यापासून मावळेपर्यंत साचा चाले आणि आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. ती सुट्टी मागण्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा भरविल्या, आणि १८९० साली रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. हे लोखंडे जन्माने ठाण्याच्या फुलमाळी घरातले. बागेत जायची फुरसत कामगाराला मिळवून दिली ती माळ्याच्या मुलाने, हे बागेतल्या कोणत्याही पाटीवर लिहिले नसले तरी विसरता कामा नये.

लोखंडे ज्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते, त्या जोतीरावांचे मूळ आडनाव गोऱ्हे. त्यांचे वडील आणि चुलते पेशव्यांना फुले पुरवीत, म्हणून घराण्याचे नाव फुले पडले. विचार केला तर हा उलटा हिशेब आहे. बुगेनव्हिलने वेल लावली नाही, पाणी घातले नाही, तरी त्याचे नाव वेलीला मिळाले. इथे ज्यांनी फुले वाढविली, खुडली, गुंफली, त्यांना त्यांच्या कामानेच नाव दिले; आणि ते नाव पुढे साऱ्या महाराष्ट्राने आदराने घेतले.

आपण सारे घरी दोनचार कुंड्या ठेवणारी माणसे आहोत. बोगनवेलीला ऊन भरपूर द्यावे आणि पाणी जरा ताणून द्यावे, म्हणजे ती बहरते. गुलाबाचा डोळा भरताना साल कशी उचलावी. गुटी कलमाला शेवाळ ओले का ठेवावे. हे आपल्याला कोणीतरी शिकविलेले असते. तो बहुधा रोपवाटिकेतला किंवा नगरपालिकेच्या बागेतला एखादा माळी असतो. त्याची विद्या हजेरीपटात मोजली जात नाही. तो पुष्कळदा कंत्राटावर असतो, आणि त्याला रविवार मिळतोच असे नाही. इतिहास वाचायचा तो याच्यासाठी, की झान बारेला लागली तेवढी वर्षे आपल्या शेजारच्या माणसाला लागू नयेत. पुढच्या वेळी रोप आणायला जाल तेव्हा झाडाचे नाव विचाराल, ते तर विचाराच. पण ते ज्याने वाढविले त्याचेही नाव विचारा, आणि त्याला पगारी सुट्टी मिळते की नाही, तेही विचारा.