समोरच्याचा पडदा

दर्यापुरात माझ्या मामेभावाचं सेवा केंद्र आहे. सातबारा, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, शाळा-कॉलेजचे फॉर्म, सगळं एकाच टेबलावर. टेबलाखालचा जुना सीपीयू गेल्या उन्हाळ्यात कायमचा बंद पडला आणि त्याच्या जागी जेवणाच्या डब्याएवढा मिनी पीसी आला. त्याला दोन मॉनिटर जोडून द्यायला मी गेलो होतो. एक भावासमोर, दुसरा बाकड्यावर बसलेल्या माणसाकडे तोंड केलेला. या दुसऱ्याला तिथं येणारे लोक टीव्ही म्हणतात. मागचे दोन दिवस तो बंद होता, तर येणारा प्रत्येक जण विचारत होता, "टीव्ही काहून बंद हाये भाऊ?"

हा गिऱ्हाइकाकडे वळलेला पडदा आला कुठून, याचा शोध मी तेव्हापासून घेतोय. त्याला दोन घराणी आहेत. एक यंत्राचं, दुसरं बाजाराचं. बाजाराचं घराणं जुनं, आणि त्यातला एक धागा थेट आपल्या वऱ्हाडातला आहे.

कापसाचा आणि धान्याचा भाव पूर्वी रुमालाखाली ठरायचा. अडत्या आणि व्यापारी कापडाखाली एकमेकांची बोटं दाबत, आणि ज्याचा माल तो शेतकरी गाडीशी उभा राहून त्या दोघांच्या चेहऱ्याकडे पाहत राही. आपल्याच घामाचा आकडा त्याला सगळ्यांत शेवटी कळायचा. देशातला पहिला नियंत्रित बाजार 1886 मध्ये वऱ्हाडातच, कारंज्याला सुरू झाला. 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला आणि वजनमापं, दलाल, मापारी यांना नियम लागले. या कायद्यामागे इंग्रजांना मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी चांगला कापूस हवा होता, हे विसरायचं कारण नाही. पण व्यवहार उघड्यावर यावा ही गोष्ट कागदावर आली ती इथं, या काळ्या मातीत. महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा 1963 चा. आज जिनिंगच्या फाटकाशी वजनकाट्यावर ट्रॅक्टर चढला की बाहेरच्या बाजूला लाल आकडे पेटतात आणि आतल्या बाबूइतकेच ते शेतकऱ्यालाही दिसतात. पेट्रोल पंपावरचा पोरगा नळी हातात घेऊन "झिरो बघा" म्हणतो, तोही याच कुळातला.

यंत्राच्या घराण्याची कथा वेगळीच वळणं घेते. 1981 च्या आयबीएम पीसीला दोन तऱ्हेची चित्रकार्डं मिळत, एक नुसत्या अक्षरांचं आणि एक रंगीत. दोघांना मशीनच्या मेमरीत वेगवेगळी जागा दिलेली होती, म्हणून ती एकाच डब्यात भांडण न करता राहत. 1983 मध्ये आलेल्या लोटस वन-टू-थ्री या हिशेबाच्या प्रोग्रामने त्याचा उपयोग केला: हिरव्या पडद्यावर आकडे, शेजारच्या रंगीत पडद्यावर त्यांचा आलेख. म्हणजे दोन मॉनिटर ही नव्या जमान्याची चैन मुळीच नाही, पीसीच्या बाळपणापासून ती सोय आहे.

मग 1987 मध्ये व्हीजीए आलं. निळ्या टोकाची, तीन ओळींत पंधरा पिनांची, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेली ती केबल आपण सगळ्यांनी हाताळली आहे. चित्र सुधारलं, पण सगळ्या व्हीजीए कार्डांचा पत्ता एकच ठरला. एका घरात एकाच नावाचे दोघे असले तर टपाल कोणाला द्यायचं, तशी मशीनची गत झाली. त्याच वर्षीच्या मॅकिंटॉश टू मध्ये कार्डं वाढवून अनेक पडदे लावता येत होते, पण आपल्याकडे मॅक पाहिलेली माणसंच कमी. पीसीवाल्यांना विंडोज 98 पर्यंत थांबावं लागलं. तिने नऊ मॉनिटरपर्यंत मुभा दिली. 1999 मध्ये मॅट्रॉक्स कंपनीने एकाच कार्डाला दोन तोंडं दिली. पुढे चित्र काढायचं काम प्रोसेसरच्या पोटातच गेलं, आणि 2012 च्या इंटेल चिप तीन पडदे सांभाळू लागल्या. इंटेलच्या पहिल्या तळहाताएवढ्या एनयूसी डब्यांपैकी एकाला मागे दोन एचडीएमआय होते. 2019 चा रास्पबेरी पाय 4 तर पत्त्यांच्या कॅटएवढा, त्यालाही दोन.

ही दोन घराणी एकत्र आली ती माझ्या मते आधारच्या वेळी. 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत रंजना सोनवणे यांना देशातलं पहिलं आधार मिळालं. नोंदणीच्या सामानाची जी यादी प्राधिकरणाने ठरवली, तीत लॅपटॉप, बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या बुबुळांची यंत्रं, कॅमेरा यांच्या बरोबर एक जादा मॉनिटर होता. कशासाठी? ऑपरेटर जे टाइप करतो ते समोरच्या माणसाने स्वतः वाचावं म्हणून. इंग्रजीत टाइप केलेलं नाव मशीन आपणहून मराठीत उतरवायचं, आणि त्यात काना-मात्रेची चूक सहज व्हायची. ज्याचं नाव, त्याने ते पाहून होकार द्यायचा. मला ही फार मोठी गोष्ट वाटते. सरकारी टेबलापलीकडे काय लिहिलं जातंय हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दिसत नव्हतं. पाटी पुढच्याकडे, पाठ आपल्याकडे. ती पाटी पहिल्यांदा यादीत लिहून, सक्तीने, आपल्याकडे वळवली गेली. मग कॅम्प संपले, पण पाहायची सवय राहिली, आणि गावोगावच्या केंद्रांनी ती उचलली.

आता त्या दिवशीचं सांगतो. मिनी पीसीच्या मागे एक एचडीएमआय आणि एक डिस्प्लेपोर्ट. भावाचा मॉनिटर डिस्प्लेपोर्टवर चटकन लागला. गिऱ्हाइकाचा टीव्ही मात्र जुना, फक्त व्हीजीएचा. मी अमरावतीहून घाईत एक कन्व्हर्टर आणला होता. लावला, स्क्रू आवळले, आणि पडद्यावर 'नो सिग्नल'. तासभर केबली काढ-घाल केल्या. चूक माझीच होती. एचडीएमआयमधून आकडे जातात, व्हीजीएतून विजेचा कमी-जास्त दाब. एकाचं दुसऱ्यात भाषांतर करणारी चिप त्या छोट्या डबीत असते, आणि ती एकाच दिशेने बोलते. मी आणलेली डबी व्हीजीएकडून एचडीएमआयकडे जाणारी होती. विकत घेताना बाण कुठे दाखवतो ते पाहायचं, एवढंच. दुसऱ्या दिवशी बरोबर डबी आणली आणि टीव्ही लागला.

लागला, पण त्यावर नुसतं निळं वॉलपेपर. विंडोजने त्याला वाढीव जागा समजून जोडलं होतं. भावाचा माऊस उजवीकडे जाऊन तिकडे गायब व्हायचा. ऑफिसात काम करणाऱ्याला हेच हवं असतं, एका पडद्यावर पत्र, दुसऱ्यावर तक्ता. इथं ते कामाचं नाही. विंडोजची कळ आणि पी एकत्र दाबलं, यादीतून 'डुप्लिकेट' निवडलं. 2009 च्या विंडोज 7 पासून ही सोय आहे, आणि केंद्रवाल्यांसाठी तिच्याइतकी कामाची कळ दुसरी नाही. दोन्ही पडद्यांवर पीकविम्याचा तोच फॉर्म उभा राहिला. जुन्याच्या चौकोनी आकारापायी भावाच्या नव्या मॉनिटरवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या. तो म्हणाला, "असू दे."

बाकड्यावर खारपाण पट्ट्यातले एक आजोबा बसले होते. चष्मा नाकावर ओढून ते पुढे वाकले आणि पडद्याला बोट टेकवलं.

"भाऊ, माहा गट एकशे सतरा हाये. तुमी एकशे एकाहत्तर लिवलं."

भावाने बॅकस्पेस दाबली. दोन्ही पडद्यांवरचे दोन आकडे पुसले गेले आणि 17 आलं. आजोबांनी बोट काढलं नाही. ओठ हलवत ते खालच्या ओळीकडे, क्षेत्राच्या रकान्याकडे सरकले.