दुधाच्या पावतीवरचा दशांश: ०.४५ मोठा की ०.६?

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या कुठल्याही दूध संकलन केंद्रावर सकाळी थोडा वेळ थांबलं, तर ‘पॉइंट’ हा शब्द हमखास कानावर पडतो. ‘आज फॅटला दोन पॉइंट कमी लागले.’ हा एक पॉइंट म्हणजे ०.१, गणिताच्या भाषेत एक दशांश. राज्यात गाईच्या दुधाचा भाव साधारणपणे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट वगळता दुधात असलेले इतर घन पदार्थ) हे प्रमाण धरून जाहीर होतो. दूध त्याच्या खाली गेलं की पॉइंटमागे पैसे कापले जातात. म्हणजे दशांश चिन्हाच्या उजवीकडचा एक अंक घरातल्या पैशाशी थेट जोडलेला आहे.

आणि याच घरातलं पाचवीतलं मूल वर्गात सांगतं की ०.४५ हा ०.६ पेक्षा मोठा आहे. कारण? ४५ हे ६ पेक्षा मोठे आहेत.

ही चूक जगभरातली मुलं करतात, आणि ती आळसातून होत नाही. पूर्ण संख्यांमध्ये जास्त अंकी संख्या नेहमीच मोठी असते. मुलानं तोच नियम चिन्हाच्या पलीकडेही लावला, इतकंच. त्यात मोठी माणसं ३.२५ हा आकडा ‘तीन पॉइंट पंचवीस’ असा वाचतात आणि गैरसमज पक्का होतो. ‘तीन दशांश चिन्ह दोन पाच’ असं सुटं वाचलं तर दोन म्हणजे दोन दशांश आणि पाच म्हणजे पाच शतांश, हे निदान कानाला तरी कळतं.

पैशांचं उदाहरण आता का पुरत नाही?

दशांश शिकवायला रुपये-पैसे हे आपल्याकडचं ठरलेलं उदाहरण. १ एप्रिल १९५७ ला भारतात दशमान नाणी आली आणि रुपयाचे १०० नवे पैसे झाले, तेव्हा ते चपखलही होतं. पण २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ नंतर चलनातून गेली. आजच्या दहा वर्षांच्या मुलानं पाच पैसे पाहिलेलेच नाहीत. शिवाय पैशांत एक जुनी खोच आहे. २.५ रुपये म्हणजे दोन रुपये पाच पैसे, असं अनेक मुलं बिनदिक्कत सांगतात. त्यांना तो ठिपका दोन वेगळ्या वस्तूंमधलं कुंपण वाटतो.

आजोबांची पिढी पावकी, निमकी, सवायकी, दिडकी पाठ करत होती. त्यामुळे सव्वातीन, साडेतीन, पावणेचार हे शब्द बोलण्यात आजही घट्ट बसले आहेत. पण ती सगळी पाव भागांची मोजणी. साडेतीन आणि पावणेचार यांच्या मध्ये ३.६ आणि ३.७ येतात, त्यांना बोलीत नाव नाही. दूध केंद्रावरच्या ‘पॉइंट’नं ती जागा भरून काढली आहे. शिक्षकाला आयता मिळालेला हा शब्द वर्गात न वापरणं म्हणजे नुकसानच.

प्रकल्प पहिला: बाटली, पेला, सिरिंज

सामान साधं: एक लिटरच्या बाटल्या, १०० मिलीचे पेले आणि १० मिलीची सुई नसलेली सिरिंज. दूध वाया घालवायचं कारण नाही, पाणी चालतं. दहा पेल्यांनी बाटली भरते, दहा सिरिंजांनी पेला भरतो. बाटली एकक, पेला दशांश, सिरिंज शतांश. २.३७ लिटर म्हणजे दोन बाटल्या, तीन पेले, सात सिरिंजा. आता मुलांनीच ०.४५ आणि ०.६ लिटर मोजून शेजारी ठेवावेत. चार पेले पाच सिरिंजा एकीकडे, सहा पेले दुसरीकडे. वाद तिथंच मिटतो.

मग पावती घ्यावी. समजा एका घराचं दूध १२.५ लिटर होतं आणि लिहिताना १२.०५ झालं. एका शून्यानं ४५० मिली दूध गेलं. ३० रुपये भाव धरला तर १३ रुपये ५० पैसे, तेही एका वेळचे. उलट १२.५ च्या पुढं शून्य लावून १२.५० केलं तर काहीच बदलत नाही. शून्य कुठं बसलं यावर सगळं अवलंबून आहे, हे इथं फळ्यापेक्षा लवकर पटतं. फॅटचंही तसंच: १० किलो दुधात ३.५ टक्के म्हणजे ३५० ग्रॅम फॅट, ३.४ टक्के म्हणजे ३४० ग्रॅम.

एक काळजी मात्र घ्यायला हवी. पावतीवर घराची कमाई दिसते, म्हणून नाव आणि रक्कम झाकूनच ती वर्गात फिरवावी. ज्यांच्या दावणीला जनावर नाही, त्यांच्यासाठी किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा आहेच. त्यावर १.२५० दिसतं, म्हणजे सहस्रांशही हाताशी येतो.

प्रकल्प दुसरा: पर्जन्यमापक

नगर तालुक्यातलं हिवरे बाजार पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि त्यावरून कोणती पिकं घ्यायची ते ठरवतं. हा जिल्हा अवर्षणप्रवण, त्यामुळे मिलिमीटरचा हिशेब इथं शाळेबाहेरही चालतो. सरळ उभ्या बाजूंची, सपाट बुडाची बरणी आणि पट्टी एवढ्यावर मुलांचा पर्जन्यमापक तयार होतो. पट्टीवर अर्ध्या मिलिमीटरपर्यंतच अंदाज येतो, तेवढा पुरे. हवामान खात्याप्रमाणे रोज सकाळी साडेआठला नोंद करावी.

हवामान खातं २.५ मिमी किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तरच तो ‘पावसाचा दिवस’ मानतं. मुलांना विचारावं, एखाद्या गावात २.१५ मिमी पडला, तर तो दिवस धरायचा का? ‘पंधरा मोठे’ म्हणणारी मुलं इथं पुन्हा सापडतात, त्यांना पेले आणि सिरिंजांकडे परत न्यावं.

एक चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. शाळेचं छप्पर ४० चौरस मीटर असेल तर २.५ मिमीला १०० लिटर, २५ मिमीला १,००० लिटर आणि ०.२५ मिमीला फक्त १० लिटर. अंक तेच, घर बदललं की पाणी दहापट होतं किंवा दहावा हिस्सा उरतं. जून ते सप्टेंबर हा तक्ता वर्गाच्या भिंतीवर ठेवता येतो. कोरड्या दिवशी त्यात ०.० लिहायचं, रकाना रिकामा सोडायचा नाही.