एका क्लच फोर्कची बखर

मंडळी, या शनिवारी कोडबिड बाजूला. आजचा विषय आहे हातात मावेल एवढा एक लोखंडी तुकडा. नाव क्लच फोर्क. एका टोकाला दोन दात, दुसऱ्या टोकाला केबल अडकवायची सोय आणि मधे एक छोटा खळगा. हा खळगा एका गोळीवर टेकतो. पेडल दाबलं की केबल बाहेरचं टोक मागे ओढते, फोर्क गोळीवर तराजूच्या दांडीसारखा कलतो आणि आतले दात रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतात. बेअरिंग प्रेशर प्लेटची बोटं दाबतं, क्लच प्लेट सुटते आणि इंजिन-गिअरबॉक्सची तेवढ्यापुरती फारकत होते. बस्स, एवढंच काम. पण हा तुकडा तडकला की गाडी दारातली शोभेची वस्तू.

आमच्या मामांच्या जीपचा असाच तडकला, बरोबर गळ्याशी. गाडी महिंद्राची सीजे-३बी, १९६०च्या दशकातली, पेट्रोल. आजोबांनी एका सरकारी लिलावात घेतलेली. गाव लिंबागणेश, तालुका बीड. मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाताना लागतं, भालचंद्र गणपतीचं देऊळ आहे ते. गावात सगळ्यांचं एकच मत: "मामा, भंगारात घाला, लोखंडाचा भाव तरी येईल." मामा काही ऐकेनात. आणि मला पडलेला प्रश्न वेगळाच. साठ वर्षांच्या गाडीचा हा भाग आज मिळतो कसा? माझ्या पाच वर्षांपूर्वीच्या फोनची बॅटरी मिळत नाही हो!

याचं उत्तर शोधायला १९४०मधे जावं लागतं.

युरोपात युद्ध पेटलेलं. अमेरिकन लष्कराला घोडा आणि साइडकारवाली मोटरसायकल या दोघांच्या जागी एक हलकी, चारही चाकांना ताकद देणारी गाडी हवी होती, आणि ती ४९ दिवसांत. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची बॅन्टम ही डबघाईला आलेली कंपनी, तिने कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या इंजिनिअरला बोलावलं. गड्याने थोड्या दिवसांत नकाशे काढले आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी बाल्टिमोरजवळच्या लष्करी तळावर हजर केली, मुदत संपायला अर्धा तास असताना. (डेडलाइनच्या आधी अर्धा तास! आपलाच माणूस वाटतो की नाही?) युक्ती अशी की बरेच भाग नव्याने न घडवता बाजारात मिळत होते तेच घेतले.

ठेका मात्र बॅन्टमच्या हाती फारसा लागला नाही. विलीज कंपनीकडे बार्नी रूसचं दणकट इंजिन होतं, १९४१मधे तिची एमबी ही गाडी लष्कराने ठरवून टाकली. विलीज एकटी पुरी पडेना म्हणून तेच नकाशे फोर्डला दिले. फोर्डने आपल्या बोल्टांच्या डोक्यावरसुद्धा इंग्रजी 'एफ' कोरला, पण बोल्ट बसायचा दोन्ही गाड्यांना. माझ्या मते जीपचं खरं मोठेपण इथे आहे. चार चाकांची ताकद वगैरे ठीक, पण रणांगणात दोन मोडक्या गाड्यांतून एक चालती करता येते ही गोष्ट त्याहून मोठी. दोन्ही कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीपा काढल्या.

आता गोष्ट मुंबईला येते. के. सी. महिंद्रा युद्धकाळात वॉशिंग्टनला हिंदुस्थान सरकारच्या खरेदीच्या कामावर होते, तिथे त्यांची रूसशी गाठ पडली. परत आल्यावर १९४५मधे भाऊ जे. सी. आणि मलिक गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर पोलादाचा व्यापार सुरू केला, नाव महिंद्रा अँड मोहम्मद. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. इकडे १९४८मधे कंपनीच्या नावातला दुसरा 'एम'ही महिंद्राचाच झाला. माझगावला विलीजच्या जीपांची जुळणी सुरू झाली ती याच सुमारास. आधी सुटे भाग अमेरिकेतून, मग हळूहळू इथेच.

१९५३मधे विलीजने सीजे-३बी आणली. नवं इंजिन उंच होतं म्हणून बॉनेटही उंच करावं लागलं, तोच तो आपल्या ओळखीचा चेहरा. अमेरिकेत ही गाडी १९६८ला बंद झाली. आपल्याकडे? परवाने, आयातबंदी आणि परकीय चलनाची टंचाई. फोर्ड आणि जनरल मोटर्स पन्नाशीच्या दशकातच इथला गाशा गुंडाळून गेल्या. स्पर्धा नाही, तेव्हा मॉडेल बदलायची घाई कोणाला? त्यामुळे तोच नकाशा दशकानुदशकं छापखान्यातल्या ठशासारखा वापरला गेला, आणि त्या चेहऱ्याच्या गाड्या एकविसाव्या शतकातही बनत होत्या.

लायसन्स राजला आपण सगळेच शिव्या घालतो, मीही घालतो. लोक गाडीसाठी वर्षानुवर्षं रांगेत थांबले, हे काही कौतुक करण्यासारखं नाही. पण आमच्या धंद्यात ज्याला बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी म्हणतात, ती त्या धोरणाने अजाणता फुकट देऊन टाकली. भाग बदलला नाही म्हणून तो बनवणारे टिकले, विकणारे टिकले आणि बसवणारा मिस्त्रीही टिकला.

मराठवाड्यात या गाडीचं काम काय होतं तेही सांगतो. १९४८पर्यंत हा मुलूख निजामाचा. रस्ते बेताचे, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल असा की बैलगाडी रुतावी. बीड शहरात रेल्वे आली ती थेट २०२५च्या सप्टेंबरात! १९५२मधे सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि तिच्यामागून बीडीओ साहेबाची जीप आली. मग आरोग्य केंद्राची जीप, हिवताप निर्मूलनवाल्यांची जीप, निवडणुकीत भोंगा लावलेली जीप. १९७२च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायकांनी हजेरीवाला साहेब येताना पाहिला तो जीपमधूनच. आमची आजी कुठल्याही चारचाकी गाडीला "जीपगाडी"च म्हणायची.

असो. आता प्रत्यक्ष काम.

मिस्त्रींचा पहिला प्रश्न, "पेट्रोल का प्यूजो?" महिंद्राने पुढे फ्रान्सच्या प्यूजोच्या परवान्याने डिझेल इंजिन आणलं आणि पेट्रोल परवडेना म्हणून अनेकांनी जुन्या जीपांतही डिझेल बसवून घेतलं. तिथे क्लचचा मामलाच निराळा. आमची जीप मूळ पेट्रोलवरच, कारण मामा ती शेतापलीकडे फारशी नेतच नाहीत. फोर्क संभाजीनगरच्या एका दुकानात निघाला, तेलकट कागदात गुंडाळलेला.

वाईट भाग असा की या वीतभर तुकड्यापर्यंत पोचायला अर्धी गाडी उघडावी लागते. तळाचा पत्रा काढा, दोन्ही प्रोपेलर शाफ्ट सोडा, स्पीडोमीटरची केबल, हँडब्रेकची जोडणी (ब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागेच असतो), क्लचची केबल. मग इंजिनाखाली जॅक, मधला आडवा सांगाडा मोकळा, आणि गिअरबॉक्स ट्रान्सफर केससकट सरळ मागे ओढायचा. ते धूड दोघांनाही जड जातं. मिस्त्रींनी वरून साखळीचा चेन-ब्लॉक लावला, तो कडुलिंबाच्या फांदीला. बाकी वर्कशॉपच म्हणायचं!

उघडल्यावर कळलं की नुसता फोर्क बदलून भागणार नाही. ज्या गोळीवर तो टेकतो ती एका बाजूने झिजून चपटी झाली होती. गोळी चपटी असेल तर फोर्क तिरका चालतो, सगळा भार गळ्यावर येतो, आणि नवा फोर्कही जुन्याच्याच वाटेने जातो. गोळी बदलली. खळग्यात ग्रीस लावलं, पण अगदी नखभर. जास्त झालं तर उष्णतेने पातळ होऊन क्लच प्लेटवर उडतं आणि मांजरसुंब्याच्या घाटात इंजिन नुसतं ओरडतं, गाडी चढत नाही. मग रिलीज बेअरिंग, त्याची स्प्रिंग, आणि क्लच प्लेट मधोमध धरायला एका जुन्या गिअरबॉक्सचा क्लच शाफ्ट.

गिअरबॉक्स परत घालताना मिस्त्रींनी एकच ताकीद दिली, "वजन प्लेटवर टांगू नका, वाकंल." गाडी गिअरमधे टाकून मागचा शाफ्ट हळूहळू फिरवायचा, दाते जुळले की गिअरबॉक्स आपसूक आत सरकतो. आमचा सरकायला पाऊण तास लागला. शेवटी केबलची लांबी अशी ठेवायची की पेडल इंचभर मोकळं खाली जावं. ही ढील नसेल तर बेअरिंग कायम बोटांना घासत राहतं आणि जळतं.

गाडी चालू झाली. आणि इथे खरा पेच सुरू झाला.

२०२१मधे केंद्र सरकारने विंटेज गाड्यांचे नियम केले. पन्नास वर्षांवरची, धंद्यात नसलेली आणि चॅसी-बॉडी-इंजिन न बदललेली गाडी असेल तर 'व्हीए' मालिकेचा खास नंबर मिळतो. नव्या नोंदणीचे वीस हजार रुपये. डिझेल घातलेल्या जीपा या कसोटीत बसणं कठीण, मामांची मात्र बसते. पण अट अशी की विंटेज नोंदणी झाली की रोजच्या कामाला ती रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच बाहेर.

मी हे मामांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे पेट्रोल भरायला न्यायची, पण कडब्याच्या दोन पेंढ्या आणायच्या न्हाईत?"

नियम करणाऱ्यांचंही बरोबर आहे. संग्राहकाच्या गॅरेजमधली गाडी डोळ्यांपुढे ठेवून तो लिहिलाय. लिंबागणेशला गाडी जुनी आहे म्हणून जपलेली नाही, उपयोगी आहे म्हणून जुनी झालीय, आणि अशा गाडीसाठी त्यात रकाना नाही. मामांनी अजून अर्ज भरलेला नाही. जीप सध्या बांधावरून फिरतेय, पेडल लोण्यासारखं चालतंय. ट्रान्सफर केसच्या मागच्या ऑइल सीलमधून थेंब पडतोय, ते काम दिवाळीनंतर.