निखारे, वीज आणि वाफ : घरची इस्त्री निवडण्याआधी

आजचा विषय ऐकून काही जणांनी दाराबाहेरचा फलक पुन्हा एकदा वाचला म्हणे. इतिहासाच्या व्याख्यानमालेत इस्त्री? हो, इस्त्रीच. आणि बोलता बोलता कुठली घ्यावी तेही सांगणार आहोत, कारण ते कळायला आधी थोडं मागे जावं लागतं.

'इस्त्री' हा शब्द पोर्तुगीज 'एस्तिरार', म्हणजे ताणणे, यावरून आला असं मानलं जातं. शब्द पाहुणा, पण गरज घरचीच. परटाकडे कोळशाची जड इस्त्री असायची, पोटात निखारे आणि वर लाकडी मूठ. घरात ती नसेल तर तांब्यात निखारे घालून तोच सदऱ्यावरून फिरवायचा. तेही जमलं नाही तर घडी घालून कपडा गादीखाली ठेवायचा आणि वर आपण झोपायचं. (सभागृहात हशा.) हसताय म्हणजे केलेलं दिसतंय.

या इस्त्रीत अडचण अशी, की ती किती तापलीय हे कळायला मार्ग नाही. ओलं बोट टेकवायचं आणि 'चर्र' आवाजावरून अंदाज बांधायचा. अंदाज चुकला की धोतराला भोक. पुढचा सगळा इतिहास एका अर्थी हा अंदाज काढून टाकण्याचा आहे.

न्यूयॉर्कच्या हेन्री सीलीनं विजेच्या इस्त्रीचं पेटंट घेतलं 6 जून 1882 ला. एडिसनचं पर्ल स्ट्रीटवरचं वीजकेंद्र सुरू झालं त्याच वर्षी 4 सप्टेंबरला. म्हणजे इस्त्री आधी आली आणि घराघरात जाणारी वीज मागाहून! पुढची वीसेक वर्षं बऱ्याच गावांत वीज यायची ती दिव्यांसाठी, संध्याकाळी. इस्त्री मात्र दिवसाउजेडी करायची. मग करणार काय?

कॅलिफोर्नियात ऑन्टारिओ नावाच्या गावी वीज कंपनीत अर्ल रिचर्डसन नावाचा माणूस होता. तिकडे सोमवारी धुणं आणि मंगळवारी इस्त्री असा रिवाज. त्यानं कंपनीला मंगळवारी दिवसाही वीज चालू ठेवायला लावली आणि आपल्या इस्त्र्या गावातल्या बायकांना वापरायला दिल्या. बायकांनी तक्रार केली, की ही मधोमध नको तेवढी तापते आणि टोकाला गार राहते. चुण्या, कॉलर, बटणांच्या मधली जागा, हे सगळं तर टोकानंच करायचं असतं. त्यानं टोक तापेल अशी इस्त्री बनवली आणि तिचं नाव पडलं 'हॉटपॉइंट'. हे 1905 च्या सुमाराचं. आम्हाला यात मोलाचं वाटतं ते हे, की जिच्या हातात इस्त्री आहे तिला त्यानं विचारलं.

1920 च्या दशकात थर्मोस्टॅट आला. दोन वेगळ्या धातूंची जोडपट्टी, तापली की वाकते आणि वीज तोडते, निवली की पुन्हा जोडते. आपल्याकडे टेरिलीन-टेरिकॉट आलं तेव्हा त्याची खरी किंमत कळली, कारण ते कापड जळायच्या आधी वितळतं. आज कपड्याच्या पट्टीवर इस्त्रीच्या चित्रात ठिपके असतात. एक म्हणजे जास्तीत जास्त 110 अंश, दोन म्हणजे 150, तीन म्हणजे 200.

आणि वाफ? न्यूयॉर्कच्या एल्डेक कंपनीनं 1926 मध्ये घरगुती वाफेची इस्त्री बाजारात आणली, पण ती फारशी चालली नाही. कल्पना मात्र आपल्या आजीच्या पाण्याच्या शिपक्याचीच. ओलावा आणि उष्णता मिळाली की सुती धागा सैलावतो, वाळताना हवा तसा बसतो. पण बंद पेटीत पाणी तापवायचं म्हटलं की गंज आणि क्षार पाठोपाठ आलेच. ते दुखणं अजून पुरतं गेलेलं नाही.

आता खरेदीचं. दुकानदार वॅट सांगतो, तुम्ही भिंत बघा. घरातला लहान प्लग 6 अँपिअरचा, म्हणजे 230 व्होल्टला साधारण 1380 वॅटपर्यंत. 2000 वॅटच्या इस्त्रीला 16 अँपिअरचा मोठा प्लग लागतो. आमच्या घरी आम्ही मध्ये अ‍ॅडॉप्टर घालून शहाणपणा केला. अ‍ॅडॉप्टर वितळला. इस्त्री बिचारी शाबूत राहिली. आयएसआय चिन्ह बघा, ते आपल्याकडे बंधनकारक आहे. वायर मुळाशी वळते तिथे लवचिक रबरी नळी आहे का बघा, तार बहुधा तिथेच तुटते. वाफ दोन किंवा तीन ठिपक्यांवरच वापरा. तळ पुरेसा तापलेला नसेल तर पाण्याची वाफ होत नाही, थेंब गळतात आणि लोक म्हणतात इस्त्री बिघडली. काम झालं की टाकी रिकामी करा. क्षार धुवायची सोय असलेलीच घ्या, आणि पाणी कुठलं घालायचं ते सोबतच्या पुस्तिकेत वाचा, कारण काही कंपन्या निव्वळ डिस्टिल्ड पाणी नको म्हणतात.

शेवटी एका ताईंची चिठ्ठी आली आहे: "आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, दोन वर्षांत दोन इस्त्र्या तुंबल्या. आता कुठली घेऊ?" ताई, तुम्ही साधी कोरडी इस्त्री घ्या, 1000 वॅटची, आणि शेजारी पाण्याची फवाऱ्याची बाटली ठेवा. आत तुंबायला काही नाही, लहान प्लगवर चालते, किंमतही कमी. जाड सुती कपड्याला थोडा वेळ जास्त लागेल, तेवढं मात्र धरून चाला.