एरियल योग

एरियल योग हा छतापासून टांगलेल्या कापडी झोळीच्या आधाराने आसने करण्याचा आधुनिक व्यायामप्रकार आहे. योगासनांबरोबर जिम्नॅस्टिक्स आणि नृत्यातील हालचालीही त्यात येतात. न्यूयॉर्कचे नृत्यदिग्दर्शक व माजी जिम्नॅस्ट क्रिस्टोफर हॅरिसन यांनी ‘अँटिग्रॅव्हिटी’ या नावाने २००७ च्या सुमारास तो लोकप्रिय केला. टांगून आसने करणे मात्र त्याआधीचे आहे. पुण्यात योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांनी भिंतीत बसवलेल्या दोरांचा वापर कितीतरी आधी सुरू केला होता. दोरीच्या मल्लखांबाशी एरियल योगाचे साम्य वरवरचे आहे. मल्लखांबपटू स्वतःच्या पकडीवर दोरीला बिलगून राहतो; इथे भार मुख्यतः कापड पेलते.

झोळी सहसा मजबूत नायलॉनची असते. तिची दोन्ही टोके पट्ट्या व कॅरबिनर नावाच्या कड्या यांच्या साहाय्याने छताच्या हुकांना अडकवतात. झोळीत झटक्याने बसल्यास हुकावर शरीराच्या वजनापेक्षा बराच जास्त ताण येतो. त्यामुळे हूक काँक्रीटच्या स्लॅबमध्ये किंवा भक्कम तुळईत, जाणकाराकडूनच बसवलेला हवा. पीओपीच्या छताला किंवा पंख्याच्या हुकाला झोळी टांगणे धोक्याचे आहे. घरी प्रयोग करण्याआधी प्रशिक्षकाच्या वर्गात शिकणे, म्हणूनच, शहाणपणाचे ठरते.

सुरुवातीला झोळीचा तळ साधारण कमरेच्या उंचीवर ठेवतात. पोट हलके असावे. अंगठ्या, साखळ्या, घड्याळ काढून ठेवावे, कारण कापड त्यांत अडकून फाटते. काखा व पोटऱ्या झाकणारे कपडे घातले तर कातडी घासली जात नाही. पहिल्या तासांत सहसा निदान एक पाय तरी जमिनीवर राहतो. कापड धरून मागे झुकणे, झोळीत बसून तोल सांभाळणे, एक पाय तिच्यात ठेवून स्नायू ताणणे एवढेच करून घेतले जाते. मांडीच्या सांध्यात व काखेत कापड बोचते, काहींना झोक्याने मळमळते. सरावाने दोन्ही त्रास बहुधा कमी होतात.

उलटे लटकणे हा या प्रकाराचा सर्वांत आकर्षक भाग. त्यात कापड कमरेखाली माकडहाडाच्या वरच्या भागाला आधार देते आणि पाय कापडाभोवती गुंडाळलेले असतात. डोके अधांतरी असल्याने शीर्षासनाप्रमाणे मानेवर भार येत नाही. पण मानेला मिळणारी ही सवलत डोळ्यांना मिळत नाही: उलट्या स्थितीत डोळ्यांतील दाब वाढतोच. म्हणून काचबिंदू, तसेच अनियंत्रित रक्तदाब, हृदयविकार, ठिसूळ हाडे, चक्कर येण्याचा त्रास, गर्भारपण किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. नवख्याने काही श्वासांपुरतेच उलटे राहावे. परतताना हातांनी कापड धरून हळूहळू वर यावे, डोके सर्वांत शेवटी उचलावे व क्षणभर बसून मगच उभे राहावे. तासाचा शेवट बहुतेक ठिकाणी झोळी अंगाभोवती लपेटून केलेल्या शवासनाने होतो.