भास्कराचार्यांचे घोडे

खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटण गावी भवानीच्या देवळात जो शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला, त्यावरून असे दिसते की, यादव राजा सिंघण याच्या दरबारचा ज्योतिषी चांगदेव याने आपले आजोबा भास्कराचार्य यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून तेथे मठ स्थापिला, आणि शके ११२८ मधील दानाने त्या मठाच्या योगक्षेमासाठी बाजारातील मालावरची दस्तुरी व घाण्यांचे तेलही लावून दिले गेले. गणिताच्या विद्यालयाचा खर्च बाजाराने सोसावा, हे मला फार उचित वाटते. कारण ज्या बीजगणिताचे पाठ तेथे होत असतील, त्यातील कित्येक उदाहरणे बाजारातूनच उचललेली आहेत.

त्यांतले एकच पाहा. एकापाशी ३०० रुपये व सहा घोडे आहेत; दुसऱ्यापाशी तशाच किमतीचे दहा घोडे आहेत, पण त्याच्या डोक्यावर १०० रुपयांचे कर्ज आहे; दोघांची मालमत्ता सारखी, तर घोड्याची किंमत काय? आचार्य अज्ञात किमतीला ‘यावत्तावत्’ म्हणतात, ‘या’ एवढ्या आद्याक्षराने ती लिहितात, कर्जाच्या आकड्यावर टिंब देतात आणि दोन्ही पक्ष एकाखाली एक मांडतात. मग दहांतून सहा वजा केले की चार घोडे उरतात, तीनशेतून ऋण शंभर वजा करताच चारशे होतात, आणि घोडा शंभराला पडतो. एवढ्यावर आचार्य थांबत नाहीत. पहिल्याच्या निम्म्या मालमत्तेत दोन मिळवून दुसऱ्याची होत असेल तर, किंवा पहिला दुसऱ्याच्या तिप्पट धनवान असेल तर, असे ते पुढे विचारतात, आणि तोच घोडा ३६ व २५ रुपयांवर येतो. असला भाव कोणत्याही सौदागराने मान्य केला नसता, हे खरे. पण मांडणी न बदलता केवळ अट बदलण्याची ही हातोटी शिष्याला शंभर सुट्या उदाहरणांहून अधिक शिकवून जाते.

मात्र कर्जाला असा निःसंकोच थारा देणारे हेच आचार्य अन्यत्र अडतात. वानरांच्या कळपाच्या पंचमांशातून तीन वजा करून त्याचा वर्ग केला, तितकी वानरे गुहेत गेली, एक फांदीवर राहिले. तर एकूण किती? समीकरण पन्नास आणि पाच अशी दोन्ही उत्तरे देते. पाचांचा पंचमांश एक, त्यातून तीन गेले की ऋण दोन उरतात, त्यांचा वर्ग चार, आणि हिशेब बिनचूक जुळतो. तरीही आचार्य पाच हे उत्तर नाकारतात, कारण व्यक्त ऋणसंख्येवर लोकांची प्रतीती नाही. आजचा परीक्षक येथे कदाचित गुण कापील. मला तो निवाडा रास्त वाटतो, कारण शंभर रुपये देणे असलेला मनुष्य पंचांपुढे उभा करता येतो, उणे दोन वानरे कोणालाही दाखवता येत नाहीत.