हमीवाचूनचा कॅमेरा
आयात परवान्यांच्या आणि जबर जकातीच्या अमलात परदेशी कॅमेरा आपल्याकडे दुर्मीळ होता, आणि मुंबईच्या चोर बाजारात वापरलेल्या यंत्राचा सौदा करणारे गिऱ्हाईक, १९३० च्या मालविक्री कायद्याचे १६ वे कलम ठाऊक नसतानाही, मालाच्या गुणवत्तेची हमी काही अपवाद वगळता गृहीत धरता येत नाही, या त्यातील तत्त्वानेच वागे. भिंगावरची बुरशी (मुंबईच्या दमट हवेची ही मेहेरबानी!) ते उजेडाकडे धरून पाही, यंत्र कानाशी लावून मंदगती शटरचा आवाज ऐके, आणि बिघाड झालाच तर कुशल कारागीर यंत्र पुन्हा चालते करील, अशी त्याची खातरी असे. १९९९ साली निकॉनचा सुमारे २७ लक्ष बिंदूंचा डिजिटल कॅमेरा डी-१ अवतरला आणि ही परीक्षा अपुरी ठरली. संवेदकावरचा मृत बिंदू कानाला कसा कळावा? मात्र शटर किती वेळा उघडले याची नोंद निकॉन छायाचित्राच्या फाइलीतच ठेवीत असल्याने ग्राहकाला एक नवाच दस्तऐवज लाभला. २००७ च्या डी-३ चे शटर ३ लक्ष उघडझापींपर्यंत तपासलेले होते. तेव्हा ‘फारसा वापरलेला नाही’ ही विक्रेत्याची जबानी त्याच्यादेखत एक छायाचित्र काढून पडताळता येते, आणि त्याच्या शपथेहून तो आकडा मला अधिक ग्राह्य वाटतो. पाण्यात पडून सुकवलेल्या यंत्राबद्दल मात्र तो आकडा चकार शब्द काढीत नाही.